तीनचा आकडा

सोमवारी दुपारी पापांनी मला स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करायला लावलं. मक्याच्या पिठाचा पोलेंटा ओतायचा लाकडी पाट, मिठाचं भांडं, मी वाचायला घेतलेलं पुस्तक, सगळं खिडकीत गेलं. मग त्यांनी नमुन्याची मतपत्रिका उलगडली. ती टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबायला लागली.

"लोक हिला चादर म्हणतात ते खोटं नाही," ते म्हणाले. "दोन माणसं निजतील. तिसरं पायथ्याशी."

रंग नारिंगी होता, पिकलेल्या भोपळ्यासारखा. त्यावर नावंच नावं, मुंग्या लागाव्यात तशी.

त्या वर्षी, म्हणजे १९६४ साली, आमच्या इलिनॉय राज्यात विधानसभेला मतदारसंघच उरले नव्हते. नवा नकाशा कसा काढायचा यावरून दोन्ही पक्षांत अशी जुंपली की मुदत टळून गेली. मग राज्यघटनेत लिहिलं होतं ते लागू झालं: नकाशा नाही, तर अख्ख्या राज्याने मिळून अख्खी विधानसभा निवडायची. शिकागोच्या माणसाने आमचा आमदार निवडायचा आणि आम्ही त्याचा. जागा एकशे सत्त्याहत्तर. उमेदवार दोनशेच्या वर, प्रत्येक पक्षाला एकशे अठराच उभे करायची मुभा. सगळे एका कागदावर.

दर सोमवारी जो माटुलिस पापांची दाढी करायला घरी येई. खाणीतल्या धुळीने पापांची फुफ्फुसं गेल्यापासून त्याच्या दुकानापर्यंतचा चढ त्यांना जमत नव्हता. जो लिथुएनियन, पापांपेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि कात्रीपेक्षा तोंड जास्त चालवणारा. त्याने साबणाचा फेस करता करता कागदावर नजर टाकली.

"म्हातारबा, डोळे कशाला फोडून घेताय? वर पक्षाच्या नावाजवळ गोल आहे. त्यात एक फुली मारायची. सगळे एका दमात निवडून येतात. दहा सेकंदांचं काम."

"सगळे म्हणजे कोण?"

"एकशे अठरा माणसं. तुमच्या पक्षाची."

"त्यातला एक तरी तुझ्या ओळखीचा आहे का?"

"एक आहे. टेड्रिक."

"मग मी उरलेल्या एकशे सतरांना का मत देऊ? त्यांनी माझी दाढी केलीय का कधी?"

जो हसला. "हलू नका. कान जाईल."

"जाऊ दे. टेड्रिकलाच मत द्यायला कान लागत नाही."

ऑर्विल टेड्रिक हे आमच्या कोल्टनचे वकील. चाळीस वर्षं विधानसभेत आमच्या भागाच्या तीन जागांपैकी एकीवर बसलेले. आता त्यांचं नाव चादरीच्या खालच्या टोकाला, कुठल्यातरी शिकागोच्या दंतवैद्याच्या आणि एका विमा कंपनीच्या मालकाच्या मध्ये चेपून बसलं होतं. शिकागोत त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. ते या खेपेला पडणार, हे ते स्वतःही बोलून दाखवत.

पापांनी पेन्सिल घेतली. टेड्रिक यांच्या नावापुढच्या चौकोनात फुली मारली आणि फुलीच्या बाजूला तीनचा आकडा काढला. सपाट डोक्याचा, खाली पोट सुटलेला.

"पापा," मी म्हणाले, "या वेळी तीन नाहीत."

एरवी असत. आमच्या राज्याची रीतच तशी होती. प्रत्येक मतदारसंघात तीन जागा आणि प्रत्येक मतदाराला तीन मतं. तीन माणसांना एकेक द्या, नाहीतर तिन्ही एकालाच द्या. एकालाच द्यायची असली तर आमच्या गल्लीतले लोक फुली मारून शेजारी तीन लिहीत, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनात शंका राहायला नको. पापा म्हणायचे, खाणीत छताला भेग दिसली की तीन टेकू तीन ठिकाणी लावणारा माणूस घरी परत येत नाही. तिन्ही टेकू त्या भेगेखाली लावायचे.

"या वेळी एका उमेदवाराला एकच मत," मी सांगितलं. "आकडा लिहिलात तर कागदावर भलती खूण केली म्हणून सगळीच मतपत्रिका बाद करतील."

"कळलं."

"नुसती फुली."

"अगं कळलं म्हटलं ना. फुफ्फुसं गेलीत माझी. कान आहेत अजून. जो कापत नाही तोवर."

त्यांनी आकडा खोडला, कागदाची घडी घातली आणि पोलेंटा मागितला. रात्रीच्या उरलेल्याचे काप मी लोण्यात परतले. दोघांनी खाल्ले. जोने एक उभ्या उभ्या खाल्ला आणि बोटं चाटत गेला. पापा खुर्चीत डुलक्या घेऊ लागले आणि मी खिडकीतलं पुस्तक घेतलं. दुसरं काही घडलं नाही.

मंगळवारी ते काळा कोट घालून आले. मतदान शाळेत होतं आणि टेबलापाशी निवडणुकीची पंच म्हणून मीच बसले होते. मी त्यांचं नाव विचारलं, कारण विचारावं लागतं. त्यांनी "सेवेरिनो काल्कातेरा" असं ठणकावून सांगितलं, कारण तेही मला ओळखत नसल्यासारखे वागत होते. मी त्यांच्या हातात चादर दिली. इतर लोक पडद्याआड जात, गोलात फुली मारत आणि बाहेर येत. पापा बराच वेळ आत होते. खोकल्याचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा कागद घडी घालून घालून पावाएवढा झाला होता. तो त्यांनी पेटीच्या फटीत बुक्की मारून घातला.

"झालं," ते म्हणाले.

संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा ते चुलीशेजारच्या खुर्चीत होते. बूट काढलेले नव्हते. चूल विझली होती.

शुक्रवारी दफन झालं. मी थोडं बोलले, लोकांनी पुष्कळ खायला आणलं. सांत्वनाला येणारे म्हणत, मत देऊन गेले हो, कर्तव्य करून गेले. मी मान हलवत होते.

नारिंगी चादरी मोजायला सगळ्या राज्यात दिवसच्या दिवस लागत होते. आमच्या केंद्राच्या चादरी पुढच्या आठवड्यात खाण कामगारांच्या हॉलमध्ये मोजायला घेतल्या. मोजणाऱ्या पाचांत माझं नाव आधीच लागलेलं होतं. मी येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. मी गेले.

"तू कशाला आलीस गं?" मिसेस प्यू म्हणाल्या. त्या वेल्श, खाणीत गेलेल्या माणसाच्या विधवा, गळ्यात सदा लोकरीचा मफलर. "घरी राहायचंस."

"घरी काय करू?"

"तेही खरंच. बस इकडे. इथे वारा लागत नाही."

मोजणीचा अध्यक्ष होता लेलंड प्रॉसर, डेअरीवाला. शाळेत माझ्याच वर्गात होता. गावातल्या निम्म्या समित्यांचा तो अध्यक्ष असे, आणि कोणाशी भांडण नको म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसत असे. चौथा जो माटुलिस. पाचवा ड्वाइट हॅमल. तो दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडून बदलून आलेला, ट्रॅक्टरच्या कंपनीत हिशेबनीस. त्याने नियमांचं पुस्तक स्वतःच्या पैशाने विकत घेतलं होतं आणि ते त्याच्यासमोर उघडं होतं.

काम असं चाललं होतं: एकाने चादर उलगडायची, दुसऱ्याने नावं वाचायची, तिसऱ्याने रेघा ओढायच्या. गोलात फुली असली तर काम लवकर होई. बहुतेक तशाच होत्या. दुपारी हॅमलने पेटीच्या तळातून पावासारखी घडी केलेली एक चादर काढली आणि ती उलगडता उलगडता हसला.

"हे बघा! एवढ्या मोठ्या कागदावर एकच फुली. आणि शेजारी हे काय? तीन?"

त्याने ती टेबलावर पसरली. पेन्सिल इतकी दाबली होती की आकडा मागच्या बाजूने हाताला लागत होता. सपाट डोकं, खाली सुटलेलं पोट. मी हात मांडीवर ठेवले.

"बाद," हॅमल म्हणाला. पुस्तकात त्याचं बोट आधीच योग्य पानावर होतं. "मतदाराची ओळख पटेल अशी कोणतीही खूण मतपत्रिकेवर असता कामा नये. स्पष्ट आहे."

"ही ओळखीची खूण नाही," मी म्हणाले. "ही सवय आहे. जुनी पद्धत होती तेव्हा असंच लिहायचे."

"ज्याने हे लिहिलं तो कोण हे इथे बसलेल्या प्रत्येकाला कळलंय की नाही? मग खूणच झाली की ती. आणि मिस काल्कातेरा, माफ करा, पण या बाबतीत तुम्ही मत देऊच नये. तुम्ही त्या..."

"मी त्या काय?" मी विचारलं.

"म्हणजे, तुम्ही त्यांच्या..."

"कोणाच्या? मतदान गुप्त असतं मिस्टर हॅमल. तुम्हाला या मतदाराचं नाव ठाऊक असेल तर सांगा. मग मिस्टर प्रॉसर ते लिहून घेतील, आणि तुम्हाला कसं कळलं तेही लिहून घेतील."

मिसेस प्यू मफलरमध्ये हसल्या. "सांग ना रे बाबा. आता का दातखीळ बसली?"

हॅमल लाल झाला. त्याने पुस्तकाचं पान उलटलं आणि पुन्हा आधीचंच काढलं. लेलंड हसत म्हणाला, "चला, चला, शांतपणे घेऊ. एल्डा, तुझं काय म्हणणं?"

"मोजा."

"मी म्हणतो, बाद," हॅमल म्हणाला.

"मोजा," मिसेस प्यू म्हणाल्या.

सगळे जो माटुलिसकडे बघायला लागले. तो आपल्या नखांकडे बघत होता.

"जाऊ दे ना एल्डा," तो हळूच म्हणाला. "एका मताने टेड्रिक येतोय का? तो पडलाच. कशाला उगाच चर्चा? बाद तर बाद."

सोमवारी ज्या हाताने पापांच्या गालाला साबण लावला होता, तोच हात टेबलावर होता. मी त्याला काही म्हणाले नाही. जोच्या घराण्याला या गावात गप्प राहायचं वळण कोणी लावलं, हे मला ठाऊक होतं.

दोन आणि दोन. राहिला लेलंड.

त्याने चादर स्वतःकडे ओढली. "एल्डा, सवय म्हणतेस. पण ही एका माणसाची सवय असेल तर हॅमल बरोबर आहे. एका माणसाची सवय म्हणजे त्याची खूणच. पुष्कळ लोकांची असेल तर वेगळी गोष्ट. पुष्कळ लोक लिहायचे का असं? मी तरी कधी नाही लिहिलं."

"तुला लिहायची गरज नव्हती."

"म्हणजे?"

"तुमच्या बाजूचे लोक तिन्ही जागांवर निवडून येऊ शकत होते. आम्ही नाही."

"हे आता कुठून कुठे चाललंय?" हॅमल म्हणाला.

"तुम्ही विचारलंत हे तीन काय आहे. तेच सांगतेय. तुम्ही तेव्हा इथे नव्हता."

आणि मी सांगायला लागले. मी शांतपणे सांगितलं. ग्रंथालयात मुलांना गोष्ट वाचून दाखवते त्याच आवाजात.

"एकोणीसशे चोवीस. मी आठ वर्षांची होते. शनिवार, जेवायची वेळ. दारूबंदी होती आणि आमच्या गल्लीत प्रत्येक घरात द्राक्षांची वाईन होती, जशी तुमच्यात ताक असतं. पांढरे बुरखे घातलेली माणसं दार ढकलून आत आली. म्हणाली, कायदा राखायला आलोय. त्यांनी पिंप फोडलं. काचेच्या बरण्या फोडल्या. माझ्या आईने लग्नात आणलेल्या ताटल्या एकेक करून भिंतीवर मारल्या. वडिलांना सांडलेल्या वाईनमध्ये गुडघ्यांवर बसवलं आणि म्हणायला लावलं, मी परका आहे. त्यांनी ते इंग्रजीत म्हटलं. मग आणखी मोठ्याने म्हणायला लावलं. त्या संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या घरांत हेच झालं. जो, तुमच्या घरीही झालं. शेरीफला बोलावलं तर तो म्हणाला, बुरख्यात कोण होतं हे मला कसं कळणार?"

जोने मान वर केली नाही.

"आम्ही मूठभर. तीन वेगळ्या माणसांना मतं दिली असती तर एकही निवडून आला नसता. ऑर्विल टेड्रिक तेव्हा तरुण वकील होता. त्याने आमच्या केसेस घेतल्या, म्हणून त्याच्या ऑफिसच्या काचा फुटल्या. नोव्हेंबरमध्ये अख्ख्या गल्लीने तिन्ही मतं त्याला दिली. गल्ली म्हणजे इटालियन, लिथुएनियन आणि ज्यांना पटलं ते वेल्शसुद्धा."

"माझी आई," मिसेस प्यू म्हणाल्या. "पार मरेपर्यंत. फुली आणि तीन. पेन्सिल थुंकीने ओली करून."

"माझ्या आईला लिहिता येत नव्हतं," मी म्हणाले. "स्वयंपाकघरात पिठावर बोटाने गिरवून गिरवून ती तीन काढायला शिकली. आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही तिने. टेड्रिक निवडून आला. राजधानीत, स्प्रिंगफील्डला उभा राहून आमच्या गल्लीचं नाव घेणारा एक माणूस आम्हाला मिळाला. एकच, पण मिळाला. आता या वर्षी कोणाला नकाशा काढता येईना म्हणून आमची गल्ली शिकागोत विरघळवून टाकली. चमचाभर मीठ तळ्यात टाकावं तशी. आणि वर हा कागद पुढे करून सांगतात, एकशे सत्त्याहत्तर माणसं निवडा, केवढं स्वातंत्र्य दिलंय बघा तुम्हाला. ज्याने हे तीन लिहिलं त्याला ते मान्य नाही. त्याला मान्य नाही हे लिहायला या एवढ्या मोठ्या कागदावर दुसरी जागा नव्हती. ही एका माणसाची खूण नाही, लेलंड. ही आमची सगळ्यांची आहे."

हॉलमध्ये स्टोव्हवर पाणी उकळत होतं. ते उतरवायला कोणी उठलं नाही.

लेलंड हसत नव्हता. "तू हे कधी सांगितलं नव्हतंस. शाळेतसुद्धा."

"नाही."

"पण बुरखे होते म्हणतेस. कोण होतं ते तुला थोडंच कळलं असेल?"

"एक कळला."

"एल्डा, पुरे," जो म्हणाला.

"चाळीस वर्षं पुरेच होतं, जो."

लेलंडने दोन्ही तळवे चादरीवर ठेवले. त्याच्या वडिलांसारखेच हात होते त्याचे, रुंद आणि गोरे. "कोण?" त्याने विचारलं.

त्या संध्याकाळी ते लोक गेल्यावर पापांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. त्यांच्या हातांना वाईनचा वास येत होता. त्यांनी मला विचारलं नाही, की कोणाला ओळखलंस. फक्त म्हणाले, कोणाचंही नाव तोंडातून काढायचं नाही पोरी, नाव काढलं तर घर जळेल. आपण आपलं म्हणणं पेटीत टाकायचं. मी त्यांचं ऐकलं. पुढे कितीतरी पुस्तकं वाचली, त्यांतल्या बोलणाऱ्या माणसांचं कौतुक केलं आणि पापांचंच ऐकत राहिले.

"आधी या कागदाचं ठरव," मी म्हणाले. "तू अध्यक्ष आहेस. मग सांगते."

"का? नाव ऐकून मी निर्णय फिरवीन असं वाटतं तुला?"

"हो. तेच वाटतं."

हॅमल म्हणाला, "मिस्टर प्रॉसर, हे सगळं नियमाबाहेर चाललंय..."

"ड्वाइट, तू जरा गप्प बस," लेलंड म्हणाला. त्याला कोणाशी असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्याने त्या आकड्यावरून अंगठा फिरवून बघितला, कागद उलटा करून मागून बघितला. मला वाटतं, त्याला तेव्हाच कळलं होतं. कदाचित लहानपणापासून कळलेलं असेल. ज्या घरात तो बुरखा धुऊन इस्त्री होत असे, त्या घरात तो वाढला होता.

"पुष्कळ लोक लिहायचे," तो शेवटी म्हणाला. "दोन साक्षी झाल्या. ही खूण एका माणसाची नाही. मोजायची."

जोने डोळे पुसले. त्याची बाजू हरली होती, पण त्याच्या चेहऱ्यावर तसं दिसत नव्हतं.

"आकडा तीन आहे," मिसेस प्यू म्हणाल्या. "रेघा तीन ओढू का?"

"एक," मी म्हणाले. "कायदा एकच आहे."

लेलंडने नाव स्वतः वाचलं. "टेड्रिक, एक." मिसेस प्यूंनी शाईने रेघ ओढली. ती वाळेपर्यंत मी वाट बघितली. लेलंडही थांबला. त्याने चादर घडी घालून मोजलेल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली, आणि माझ्याकडे वळून बसला. पळून जाता आलं असतं त्याला. गेला नाही.

"सांग," तो म्हणाला.

"त्या माणसाने पिंपावर कुऱ्हाड घालायच्या आधी दारातल्या दुधाच्या रिकाम्या बाटल्या उचलल्या," मी म्हणाले. "आणि फुटू नयेत म्हणून बाहेर पायरीवर नीट ओळीने ठेवल्या. सवयच होती त्याच्या हाताला. आमच्या घरात काचेची एकही वस्तू शाबूत राहिली नाही. बाटल्या तेवढ्या राहिल्या, कारण त्या त्याच्या होत्या. तुझे वडील होते ते, लेलंड. एमॉस प्रॉसर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध घेऊन आले, माझ्या वडिलांनी त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं, आणि मी दाराआड उभी राहून ते ऐकलं."